पाच लॅपटॉप, एक चॅनेल: कोपऱ्यातल्या एकामुळे सगळे का रखडले

एक मोठी खोली आहे. भिंतीवर एक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारं यंत्र, त्याच्यासमोर मोकळ्यात बसलेले चार लॅपटॉप. पाचवा लॅपटॉप दोन भिंतींपलीकडच्या कोपऱ्यात. पाचही जण एकाच सर्व्हरवरून मोठाल्या फाइल उतरवून घेताहेत. तक्रार पाचव्याची नाही, जवळ बसलेल्या चौघांची आहे: सिग्नल पूर्ण दिसतोय, जोडणी सेकंदाला ५४ मेगाबिटची दिसतेय आणि फाइल मात्र तीनच्या आसपास रांगतेय. पाचवा येण्याआधी हेच चौघे प्रत्येकी साडेसात मेगाबिटने काम करत होते.

आता पाचवा आला म्हणजे वाटा थोडा कमी होणारच. चारात वाटली जाणारी गोष्ट पाचात वाटली, तर ७.६ चे ६.१ व्हायला हवेत. झालेत ३.१५. मग मधले तीन मेगाबिट गेले कुठे? पाचव्याने खाल्ले म्हणावं, तर त्याच्याही पदरात ३.१५ च पडताहेत. सगळ्यांची बेरीज आधी ३०.५ होती, आता १५.८ आहे. एक माणूस वाढला आणि अर्धं नेटवर्क हवेत विरलं.

या प्रकरणातले आकडे कुठल्या यंत्राने मोजलेले नाहीत. वायफायच्या ८०२.११ए या १९९९ च्या मानकातल्या वेळांवरून हिशेब मांडून ते काढलेत. आजची उपकरणं बरीच पुढे गेली आहेत हे मान्य, पण नव्या मानकांतल्या सोयीसुविधांच्या गर्दीत मूळ दुखणं दिसेनासं होतं. जुन्या पिढीत ते उघडं पडतं, आणि हिशेब कागदावर करता येतो. डेटा पोचल्याची खात्री करून घेणाऱ्या टीसीपी या पद्धतीच्या, उलट्या दिशेने जाणाऱ्या पोचपावत्या धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तर सगळे आकडे खाली येतील, चित्र तेच राहील.

एका पॅकेटला किती वेळ लागतो

१५०० बाइटचं एक पॅकेट, म्हणजे फाइलचा एक तुकडा, हवेत सोडायचं आहे. आधी चॅनेल (सगळ्यांची सामाईक रेडिओ-वाट) मोकळं आहे ना, याची ३४ मायक्रोसेकंद वाट पाहायची. मग बॅकऑफ: शून्य ते पंधरा यांमधला एक आकडा चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा आणि तेवढे ९ मायक्रोसेकंदांचे टप्पे थांबायचं. सरासरी साडेसात टप्पे, म्हणजे ६७.५ मायक्रोसेकंद. त्यानंतर पॅकेट. त्याच्या पुढे २० मायक्रोसेकंदांची सुरुवातीची खूण असते, आणि ५४ च्या वेगाने प्रत्यक्ष मजकुराला लागतात २२८. मग १६ ची विश्रांती आणि समोरून येणारी पोचपावती, २८. एकूण ३९३.५ मायक्रोसेकंद.

१२,००० बिट भागिले ३९३.५ म्हणजे ३०.५ मेगाबिट. खोक्यावर ५४ छापलेलं असतं आणि हातात तीस पडतात ते याच कारणाने. साठेक टक्के वेळ बोलण्यात जातो, उरलेला बोलायची परवानगी मिळवण्यात.

आता कोपऱ्यातला लॅपटॉप. दोन भिंतींतून सिग्नल क्षीण होऊन पोचतो, म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट त्याच्याशी सर्वांत सावकाश, सर्वांत ठोस अशा ६ मेगाबिटच्या वेगाने बोलतो. तेच १५०० बाइट, पण मजकुराला २२८ ऐवजी २०५२ मायक्रोसेकंद. पोचपावतीही सावकाश, ४४. सगळं मिळून २२३३.५.

म्हणजे पाचव्याचं एक पॅकेट हवेत असतं तेवढ्या वेळात जवळच्या एखाद्याची साडेपाचाहून जास्त पॅकेटं जाऊन आली असती. पाचांना एकेक पॅकेट देण्याची एक फेरी धरली, तर ती ३८०७.५ मायक्रोसेकंदांची होते. त्यातले चौघांचे मिळून १५७४, आणि एकट्या पाचव्याचे २२३३.५. हवेतला ५९ टक्के वेळ एकाकडे, उरलेल्या चौघांकडे प्रत्येकी जेमतेम दहा टक्के. हरवलेले मेगाबिट इथे सापडतात. ते कुणी पळवले नाहीत, सावकाश बोलण्यात खर्ची पडले.

फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या मार्टिन ह्यूस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ८०२.११बी या वायफायच्या दुसऱ्या मानकावर नेमकं हेच दाखवलं. ११ मेगाबिटवाल्या यंत्रांच्या घोळक्यात एक १ मेगाबिटवालं यंत्र शिरलं, की वेगवान यंत्रांचाही वेग त्या एक मेगाबिटच्याही खाली जातो. त्यांनी याला दिलेलं 'परफॉर्मन्स अ‍ॅनॉमली' हे नाव टिकून राहिलं. मला ते थोडं दिशाभूल करणारं वाटतं. विसंगती म्हटलं की यंत्रणा कुठेतरी चुकतेय असं वाटतं, आणि इथे ती अगदी सांगितल्यासारखी वागतेय.

यंत्रणा पक्षपाती नाही, हीच अडचण

वायफायमध्ये चॅनेल वाटून देणारा कुणी मुकादम नसतो. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात सुरू झालेल्या अलोहा जाळ्यापासून ही परंपरा चालत आली आहे: ज्याला बोलायचं आहे त्याने बोलावं, टक्कर झाली तर कधीतरी पुन्हा प्रयत्न करावा. वायफायने त्यात आधी ऐकण्याची आणि अंदाजे थांबण्याची शिस्त घातली. या शिस्तीचा गुण असा, की सगळे एकमेकांना नीट ऐकू येत असतील तर दीर्घकाळात प्रत्येकाला चॅनेल मिळण्याची संधी सारखी असते. जवळचा, लांबचा, नवा, जुना असा भेद नाही.

फक्त ही समानता नंबर लागण्याची आहे. नंबर लागल्यावर कुणी किती वेळ घ्यावा, याबद्दल मूळ नियम काही बोलत नाही. खिडकीसमोरच्या रांगेत प्रत्येकाला एकेकदाच पुढे जाऊ दिलं, पण एकाच्या हातात एक अर्ज आणि दुसऱ्याच्या हातात सहा, तसं हे.

आपल्या प्रकरणात तर फाइली उतरताहेत, म्हणजे बोलणारा मुख्यतः एकटा अ‍ॅक्सेस पॉइंटच आहे. चॅनेलसाठी फारशी झटापट नाहीच. तरी निकाल तोच लागतो, कारण अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पोटात एकच रांग आहे आणि तीत पाचांची पॅकेटं आळीपाळीने उभी आहेत. आधी येईल तो आधी जाईल. बाहेरचा नियम असो की आतली रांग, मोजमाप पॅकेटांचं आहे.

न्याय मोजायचं एक जुनं माप आहे, १९८४ मध्ये राज जैन, डा-मिंग चिऊ आणि विल्यम हॉव यांनी मांडलेला निर्देशांक. सगळ्यांच्या वाट्यांच्या बेरजेचा वर्ग घ्यायचा, आणि त्याला वाटेकऱ्यांची संख्या गुणिले वाट्यांच्या वर्गांची बेरीज याने भागायचं. सगळ्यांना सारखं मिळालं तर उत्तर १. पाचांतल्या एकालाच सगळं मिळालं तर ०.२.

चौघांच्या तक्रारीवर हे माप लावून पाहावं. वाटा म्हणजे वेग धरला तर पाचही जणांना ३.१५, निर्देशांक १. तक्रार फेटाळली. वाटा म्हणजे हवेतला वेळ धरला, तर निर्देशांक येतो ०.५२. तक्रार मान्य. खोली तीच, क्षण तोच, सूत्र तेच. त्यामुळे एखाद्या यंत्राच्या माहितीपत्रकात 'न्याय्य वाटप ०.९८' असं काही दिसलं, तर पहिला प्रश्न हा विचारावा: कशाचं वाटप?

जे उपाय आधी सुचतात

अनुभवी माणसाला पहिला संशय येतो तो लपलेल्या यंत्राचा. कोपऱ्यातला लॅपटॉप बाकीच्यांना ऐकू येत नसेल, म्हणून टकरी होत असतील. हे दुखणं खरं आहे. १९७५ मध्ये टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी ते मांडलं होतं, आणि त्यावर आधी परवानगी मागून मग बोलायचं असा आरटीएस-सीटीएसचा तोडगाही आहे. पण इथे डेटा वरून खाली येतोय, बोलणारा एकच आहे. टकरी असतीलच तर त्या किरकोळ. तरी आरटीएस चालू केलं, तर प्रत्येक पॅकेटमागे ६ च्या वेगाने जाणारी विचारणा ५२, होकार ४४ आणि मधल्या दोन विश्रांती ३२, असे १२८ मायक्रोसेकंद वाढतात. एकट्या वेगवान लॅपटॉपचे ३०.५ मेगाबिट २३ वर येतात. रोग नाही तिथे औषध दिल्यासारखं.

निदान पक्कं करायला अंदाजाची गरज नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट लिनक्सवर चालत असेल, तर 'आयडब्ल्यू' या आज्ञेला स्टेशनांची यादी मागितली की प्रत्येक उपकरणापुढे पाठवण्यात गेलेला आणि ऐकण्यात गेलेला वेळ मायक्रोसेकंदांत मिळू शकतो. वायफायची चिप चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, ते आकडे देत असला म्हणजे झालं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा यादी घ्यावी आणि वजाबाकी करावी. चार छोटे आकडे आणि एक भलामोठा दिसला, की विषय संपला. लोक बहुतेकदा बाइट मोजतात, आणि बाइट इथे सगळ्यांचे सारखेच दिसणार.

दुसरा उपाय वेगाला टोपी घालण्याचा. प्रत्येकाला कमाल ५ मेगाबिट, असं लावून टाकलं. पाचव्याला पाच कधी मिळतच नव्हते, त्यामुळे टोपी त्याच्या डोक्याला लागतच नाही आणि काहीच बदलत नाही. फक्त पाचव्याला १ मेगाबिटची टोपी घातली तर परिणाम जोरदार: तो वेळेचा १८.६ टक्के वापरतो आणि चौघांना प्रत्येकी ६.२ मिळतात. पण चौघे घरी गेल्यावरही तो एकटा बिचारा रिकाम्या चॅनेलवर एकच मेगाबिट चघळत बसणार. शिवाय उद्या तो जवळ येऊन बसला आणि दुसरा कुणी कोपऱ्यात गेला, की टोपी चुकीच्या डोक्यावर.

तिसरा उपाय: सावकाश वेग बंदच करून टाकायचे. ६ आणि ९ काढून टाकले, किमान १२. पाचव्याला १२ झेपले तर उत्तम, त्याचं पॅकेट ११९७.५ मध्ये जातं आणि सगळ्यांना ४.३३ मिळतात. पण तो ६ वर काही हौसेने बसलेला नव्हता. १२ वर प्रत्येक पॅकेट सरासरी दोनदा पाठवावं लागलं, तर २३९५ मायक्रोसेकंद झाले, म्हणजे ६ पेक्षाही महाग. चुकल्यावर बॅकऑफची कमाल दुप्पट होते, ते यात धरलेलंही नाही. आणि १२ अजिबातच झेपले नाहीत तर जोडणीच तुटते. मग चौघे खूश, पाचवा बाहेर. बऱ्याच ठिकाणी हाच उपाय बिनदिक्कत लावलेला असतो आणि त्याला 'ट्यूनिंग' म्हणतात.

वेळेची खातेवही

मापच बदलायचं, पॅकेटांऐवजी वेळ वाटायचा, हा विचार एमआयटीच्या गॉडफ्री टॅन आणि जॉन गुटॅग यांनी २००४ मध्ये व्यवस्थित मांडला. राबवायची युक्ती मात्र त्याआधीची आहे, श्रीधर आणि वर्गीज यांची १९९५ ची डेफिसिट राउंड रॉबिन. त्यांनी ती बाइटसाठी आखली होती. बाइटच्या जागी मायक्रोसेकंद ठेवले की काम झालं.

अ‍ॅक्सेस पॉइंट प्रत्येक लॅपटॉपची वेगळी रांग आणि वेगळं खातं ठेवतो. प्रत्येक फेरीला प्रत्येक खात्यात, समजा, ४०० मायक्रोसेकंद जमा होतात. खात्यात शिल्लक असेल त्याचं पॅकेट जातं, आणि प्रत्यक्षात जेवढा वेळ लागला तेवढा वजा होतो. पुन्हा पाठवावं लागलं तर तोही वेळ त्याच्याच नावावर. जवळच्याचं पॅकेट ३९३.५ चं, खातं जेमतेम शिलकीत, पुढच्या फेरीला पुन्हा तयार. पाचव्याने एक पॅकेट पाठवलं की ४०० वजा २२३३.५, खातं १८३३.५ ने उणे. पुढच्या चार फेऱ्यांत ४०० प्रमाणे भरणा होतो तरी ते उणेच राहतं. पाचव्या फेरीला १६६.५ शिल्लक दिसते आणि त्याचा नंबर लागतो. मग पुन्हा उणे २०६७, आणि या खेपेला सहा फेऱ्या. पाच, सहा असं चालू राहतं. कुणालाही अडवलेलं नाही, फक्त उधारी फेडेपर्यंत थांबवलंय.

निकाल पाहा. प्रत्येकाला हवेतला पाचवा हिस्सा. चौघांना प्रत्येकी ३०.५ चा पाचवा भाग, ६.१. पाचव्याला एकट्याने चालवलं असतं तर ५.३७ मिळाले असते, त्याचा पाचवा भाग १.०७. एकूण बेरीज १५.८ वरून २५.५.

या आकड्यांत एक देखणी गोष्ट आहे. चौघांना जे ६.१ मिळाले, ते पाचवाही ५४ वालाच असता तरी तेवढेच मिळाले असते. आणि पाचव्याला १.०७ मिळाले, ते पाचही जण ६ वाले असते तरी तेवढेच. म्हणजे आपल्या वाट्याला काय येईल, हे शेजाऱ्याच्या वेगावर अवलंबून राहिलं नाही. शेजारी किती आहेत एवढंच महत्त्वाचं. माझ्या मते वेळेच्या वाटपाच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. एकूण बेरीज वाढली हा नव्हे. नुसती बेरीज वाढवायची तर पाचव्याला हाकलून दिलं की ती सर्वांत जास्त होते.

फ्रँक केली यांनी १९९० च्या दशकात मांडलेला प्रमाणबद्ध न्यायाचा निकषही इथे याच बाजूला कौल देतो. त्यात सगळ्यांच्या वेगांचा गुणाकार सर्वांत मोठा करायचा असतो. ३.१५ पाचदा गुणले तर सुमारे ३१०. ६.१ चारदा आणि १.०७ एकदा गुणले तर सुमारे १४८०.

पाचव्याचं काय?

पण पाचव्याचे ३.१५ चे १.०७ झाले. एक तृतीयांश. त्याने कोपरा हौसेने निवडला नसेल. वेळेचं वाटप न्याय्य आहे असं म्हणणारे हा आकडा पटकन बाजूला सारतात, आणि ते मला पटत नाही. नुकसान नेमकं कुठे होतं ते तपासलं, तर मात्र गोष्ट वाटते त्याहून वेगळी निघते.

समजा पाचही जणांना प्रत्येकी १०० मेगाबाइटची फाइल हवी आहे. पॅकेटांच्या समानतेत पाचही जण एकदमच संपवतात, २५४ सेकंदांनी. वेळेच्या समानतेत चौघे १३१ सेकंदांत मोकळे होतात. तोवर पाचव्याचे फक्त १४० मेगाबिट आलेले असतात, ८०० पैकी. पण चौघे गेल्यावर चॅनेल पूर्ण त्याचं. उरलेले ६६० मेगाबिट ५.३७ च्या वेगाने १२३ सेकंदांत येतात. तो कधी संपवतो? २५४ सेकंदांनी.

हा योगायोग नाही. हवेत करायचं एकूण काम दोन्ही पद्धतींत तेवढंच आहे, आणि चॅनेल एक क्षणही रिकामं बसत नाही. शेवटचा माणूस शेवटच्याच क्षणी संपवणार. बदललं एवढंच, की आधी सगळेच शेवटचे होते, आता चौघे निम्म्या वेळेत सुटले. फाइलींच्या बाबतीत पाचव्याचं दमडीचंही नुकसान नाही.

नुकसान आहे ते सतत चालणाऱ्या गोष्टींत. पाचवा एखादं थेट प्रक्षेपण पाहत असेल आणि त्याला सलग २ मेगाबिट लागत असतील, तर पॅकेटांच्या समानतेत त्याचं भागत होतं, आता १.०७ मध्ये चित्र अडकत राहणार. चौघांच्या फाइली संपायची वाट पाहत थेट प्रक्षेपण थांबत नाही. इथे खात्यांना वजन देता येतं. पाचव्याचं वजन ३, बाकीच्यांचं १. मग त्याला सातातले तीन हिस्से वेळ, २.३ मेगाबिट. चौघांना ४.३६. चौघांना जुन्या ३.१५ पेक्षा जास्त, आणि पाचव्याला गरजेपुरतं. फक्त हे वजन कुणीतरी बसून ठरवायला लागतं. कुठलंही सूत्र ते आपण होऊन सांगत नाही.

याच प्रश्नाने मोठ्या वर्तुळातही घाम फोडला होता. मोबाइलचं एलटीई तंत्र ५ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात आणायचं ठरलं, तेव्हा मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेने न्यायाची व्याख्याच वेगळी केली: नव्या जाळ्यामुळे शेजारच्या वायफायला जो त्रास होईल, तो तिथे आणखी एक वायफाय जाळं आलं असतं तर झाला असता त्याहून जास्त नसावा. पॅकेट नाही, वेळ नाही, तिसरंच माप.

आपल्या खोलीत मात्र खातेवहीच्या आधी करण्यासारखी एक साधी गोष्ट आहे: अ‍ॅक्सेस पॉइंट भिंतीवरून उचलून मधे आणणं. समजा त्यामुळे पाचवा ६ वरून २४ वर आला आणि चौघे ५४ वरून ४८ वर घसरले. वाटपाचा नियम जुनाच, पॅकेटांचा. तरी फेरी ३८०७.५ वरून २३८३.५ मायक्रोसेकंदांवर येते आणि प्रत्येकाला ५.०३ मिळतात. आता त्यावर वेळेचं वाटप चालू केलं, तर चौघांना ५.६४ आणि पाचव्याला ३.५२. पाचव्याला तक्रारीच्या दिवशी मिळत होते त्याहून जास्त, आणि चौघांना पावणेदोनपटीहून अधिक. शिडी आणि ड्रिल लागतं, म्हणून हा उपाय सहसा यादीत शेवटी येतो. माझ्या यादीत तो पहिला आहे, आणि वेळेचं वाटप त्याच्या पाठोपाठ.

नव्या पिढीत हे संपलं का?

नाही. २००९ च्या ८०२.११एन पासून अनेक पॅकेटं एका गठ्ठ्यात पाठवता येतात, ६५,५३५ बाइटपर्यंत, आणि एका खेपेच्या कालावधीला सुमारे साडेपाच मिलिसेकंदांची मर्यादा आहे. यामुळे सावकाश यंत्राची एक खेप आपोआप आखडते, असं वाटावं. पण अ‍ॅक्सेस पॉइंटच्या एकाच रांगेत सावकाश यंत्राची पॅकेटं तुंबून राहतात, वेगवानांची हातोहात जातात. त्यामुळे वेगवानांचे गठ्ठे बांधायला पुरेशी पॅकेटंच हाताशी नसतात. ते छोट्या खेपा करतात, सावकाश यंत्र लांबलचक. पुन्हा तेच. वर तुंबलेल्या रांगेमुळे विलंब वाढतो तो वेगळाच.

स्वीडनमधल्या कार्ल्सटाड विद्यापीठाचे टोके हॉयलँड-यॉर्गेन्सन आणि सहकारी यांनी २०१७ मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र सोडवल्या. प्रत्येक यंत्राची वेगळी, आखूड ठेवलेली रांग आणि वेळेची खातेवही. भार असतानाचा विलंब त्यांनी दहापटीच्या घरात खाली आणला. लॅपटॉपमध्ये काही बदलावं लागत नाही, सगळं अ‍ॅक्सेस पॉइंटवर होतं. ते काम लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात गेलं. आज अनेक राउटरांत 'एअरटाइम फेअरनेस' ही कळ दिसते. ती चालू असते की नाही, हे पाहण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.

जे यातून सुटत नाही

आतापर्यंत डेटा खाली येत होता, म्हणून सगळी सूत्रं अ‍ॅक्सेस पॉइंटच्या हातात होती. पाचव्याने उद्या बॅकअप वर चढवायला घेतला की परिस्थिती फिरते. आता चॅनेलसाठी तो स्वतः बोली लावतो, सर्वांच्या बरोबरीने, आणि नंबर लागला की दोन मिलिसेकंद हवा अडवतो. त्याची कुणाशी टक्कर झाली, तर ती टक्करही त्याच्याच पॅकेटइतकी लांब चालते. टक्कर झालेल्यांच्या बॅकऑफची कमाल १५ ची ३१, मग ६३, अशी १०२३ पर्यंत वाढत जाते, आणि जिंकणाऱ्याची पुन्हा १५ वर येते. थोडक्या काळात जिंकणाराच पुन्हा पुन्हा जिंकतो. १९९४ मध्ये मॅकॉ या प्रोटोकॉलच्या कर्त्यांनी ही गोष्ट हेरून आपला बॅकऑफचा आकडा सगळ्यांत वाटून घेण्याची युक्ती सुचवली होती. ती वायफायमध्ये आली नाही.

अ‍ॅक्सेस पॉइंटच्या हाती उरतो तो आडून ओढायचा लगाम. लिनक्समध्ये पाचव्याचं बोलणं ऐकण्यात गेलेला वेळही त्याच्याच खात्यातून वजा होतो. बॅकअप टीसीपीने जात असेल तर त्याच्या पोचपावत्या खालच्या दिशेने येतात, आणि खातं उणे असलं की त्या रांगेत थांबतात. पावत्या उशिरा मिळाल्या की पाचव्याचा लॅपटॉप आपसूक हात आखडता घेतो. टीसीपीऐवजी यूडीपी ही पद्धत वापरली तर हे चालत नाही, कारण त्याला पावतीची वाटच पाहायची नसते. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११एएक्स या वायफायच्या नव्या मानकामध्ये अ‍ॅक्सेस पॉइंटला वर जाणाऱ्या डेटाचंही वेळापत्रक आखता येतं, आणि ज्या यंत्रांसाठी ते आखलंय त्यांना स्वतःहून बोली लावण्यात मागे राहायला सांगता येतं. पण त्यासाठी कोपऱ्यातला लॅपटॉपही त्याच पिढीचा हवा, आणि सर्वांत सावकाश यंत्र बहुतेकदा सर्वांत जुनंही असतं. तेव्हा या खोलीपुरता निर्णय असा: अ‍ॅक्सेस पॉइंट मधे, वेळेचं वाटप चालू, वजनं सगळ्यांची सारखी, आणि पाचव्याच्या बॅकअपला नेटवर्कची केबल.